रोटर भारतच्या वाट्याला

३ मार्च

बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी. दोन महिने तशीच पडून होती. पहिल्या पानावर त्यांनी जे विचारलंय ते भरून टाकतो. नाव : अंगद राधाकिसन. धंदा : जुन्या बुलेटचं गॅरेज, बदनापूर. रक्तगट : माहीत नाही, बायको सत्यशीलाच्या मते आंबट.

आजपासून बाबांच्या काळ्या बुलेटचं काम हाती घेतलं. सहा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी आहे. झालं असं, की काल जेवताना सत्यशीला म्हणाली, "प्रेमचं लगीन ठरलंय. अक्षय्य तृतीयेला, धावड्यातच." प्रेम म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भावाचं नाव या घरात घ्यायचं नाही असा माझा नियम आहे, पण पोराने काय केलंय, म्हणून ऐकून घेतलं.

आमच्या घरात लग्न लागण्याआधी नवरदेव परण्याला, म्हणजे मारुतीच्या देवळात पाया पडायला, जातो तो काळ्या बुलेटवर. घोडा नाही की कार नाही. चालवतो घरातला थोरला. माझ्या वेळी बाबांनी चालवली, भावाच्या वेळीही बाबांनीच. आता बाबा नाहीत, थोरला मी. म्हणजे गाडी माझ्याकडे आणि चालवणाराही मीच. आता त्याला माझ्या दारात यावंच लागेल. येऊ दे. गाडी चकाचक करून ठेवतो आणि बघतो कसा येतो ते.

सत्यशीला पुढे म्हणाली, "अन् भारतभाऊजींचं तर तुमाला कळलंच असंल." मी ताट सारून उठलो. नियम म्हणजे नियम. अर्धा भात राहिला. भूक होती खरं तर.

७ मार्च

डाव्या बाजूचं झाकण उघडलं. स्टेटर मी सांभाळून ठेवलाय. रोटर नाही, हे मला माहीत होतंच, पण ती रिकामी जागा बघून पुन्हा डोकं फिरलं.

इंजिनाबरोबर गरगर फिरतो तो रोटर, त्याच्या पोटात लोहचुंबक. त्याच्याभोवती जागेवर घट्ट बसतो तो स्टेटर, तांब्याच्या तारेचा. दोघं मिळून वीज करतात, बॅटरी भरते, दिवा लागतो. दोघांत अगदी बारीक फट ठेवायची. बाबा ती एसटीच्या जुन्या तिकिटाने बघायचे. तिकीट सगळीकडून थोडं अडत अडत फिरलं पाहिजे. जुन्या गाड्यांत ज्या रोटरला जो स्टेटर, त्यालाच तो. दुसरा आणून घातला तर एक तर घासतो, नाहीतर फट जास्त राहून बॅटरी उपाशी मरते.

बाबा गेल्यावर गॅरेजची वाटणी झाली. आमच्यात थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. वाटे मी केले. पाने निम्मे, हातोड्या निम्म्या. बाबांनी जमवलेल्या जुन्या जोड्या फळीवर होत्या. त्यांचे सगळे रोटर मी एका वाट्यात ठेवले आणि सगळे स्टेटर दुसऱ्यात. काळ्या गाडीची जोडीही उघडून तशीच ठेवली. रोटरच्या वाट्यात धावड्याचं, आमच्या गावचं घर, स्टेटरच्या वाट्यात गाडी आणि गॅरेजची जागा. नगाला नग. कुणीही येऊन मोजावं.

भारत वाट्यांपुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, "दादा, हे तोडून कोनाच्याच कामाचं न्हाई."

मी म्हणालो, "मंग लागंल तवा ये की मागायला. मी कुठं पळून चाललो?"

त्याने रोटरचा वाटा उचलला आणि धावड्याला निघून गेला. तिथे स्वतःचं गॅरेज टाकलं. मागायला एकदाही आला नाही. रोज वाटायचं आज येईल, उद्या येईल. वर्ष गेलं तेव्हा मी नियम केला. पुढे तांब्याला भाव आला तेव्हा पोत्यातले स्टेटर भंगारवाल्याला देऊन टाकले. काळ्या गाडीचा तेवढा ठेवला. बाकीचे कुणासाठी जपायचे?

(इथे त्याचं नाव लिहिलं गेलं. चालतंय. डायरी म्हणजे काही घर नव्हे.)

१५ मार्च

जालन्याहून नवा रोटर आणला. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "बिलकुल तोच हाय." बसवला. मधलं भोक बरोबर बसलं, पण अंगाने बारीक. तिकीट कसलं, फटीत शर्टाची कॉलर गेली असती. तरी चालू करून पाहिलं. इंजिन पहिल्या किकला बोललं, बाबांची गाडीच ती. पण हेडलाइटच्या डोक्यावरचा बॅटरीचा काटा उणे बाजूला पडला तो पडलाच. दिवा पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा.

रोटर परत दिला. दुकानदाराने आता छातीवर हात ठेवला नाही.

२२ मार्च

भंगारातून एक जुना रोटर मिळाला. हा अंगाने जाड निघाला. एका जागी स्टेटरला घासतो. तो घेऊन जालन्याला कल्याणच्या लेथवर गेलो. कल्याण माझा आणि धाकट्याचा, दोघांचाही शाळेतला मित्र. म्हणाला, "वरून कातरू नको अंगद, चुंबक उतरतंय. ज्याचा हाय त्याच्याकडून आन ना."

"तू लेथ चालव," मी म्हणालो.

"धावड्याला जाऊन आलास का एकदा तरी?"

"लेथ चालव म्हणलं ना."

त्याने कातरला. तोंड वाकडं करून, पण कातरला. घरी येऊन गाडीला लावून पाहिला. घासायचा थांबला आणि वीजही थांबली. कल्याणचं म्हणणं खरं ठरलं याचा राग वेगळाच.

त्याआधी, जालन्याहून परत येताना एका दवाखान्यासमोर चौकात अडकलो. बाजूला पांढऱ्या गाडीत मागे भारत बसलेला. सहा वर्षांत अंगाने उतरलाय. पण थाट बघा, मागच्या सीटवर, डोक्यामागे उशी, पुढे ड्रायव्हर. माझ्याकडे बघत होता. चांगला सरळ बघत होता. मी म्हटलं हा हात करतो की काय. नाही केला. तोंडाची एक बाजू नुसती वाकडी केली, जसा काही मी हसण्यासारखा प्राणी आहे. मीही मान फिरवली आणि गाडी काढली.

३० मार्च. पाडवा

गुढी उभी केली, गोडधोड झालं. दुपारी आडवा झालो आणि फोन वाजला. 'भारत्या' असं नाव आलं. नंबर काढून टाकायचा राहून गेलाय.

उचलला. पलीकडे नुसता श्वास. मी म्हणालो, "बोल." मग घशातून ओढून काढल्यासारखं, "दा... दा..." आणि पुढे नुसता आवाजाचा लोळ, एक शब्द कळेल तर शपथ.

सणाच्या दिवशी, भरदुपारी. बाबांनी आयुष्यात थेंबाला हात लावला नाही आणि त्यांच्या पोटचा हा. पोराचं लग्न तोंडावर आलंय आणि बाप पिऊन भावाला फोन करतोय. मी म्हणालो, "उतरली की कर," आणि ठेवून दिला.

नंतर मात्र चैन पडेना. पिणाऱ्याला लोक फार लवकर हसतात. सांगायला हवं त्याला कुणीतरी. मी सांगणार नाही.

८ एप्रिल

भारतची बायको दैवशाला आली होती. पत्रिका, अक्षता घेऊन. सत्यशीलाला कुंकू लावलं, मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांनी यायचं. त्यांनीच पाठवलं मला."

सख्ख्या भावाला बोलवायला बायकोला पाठवतो. पाहुण्यारावळ्यांना चालतं ते. मी म्हणालो, "का? त्याला काय पाय न्हाईत का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी तिला चापट मारली. पदर ओढून घेतला आणि उठली. समोरचं पाणीसुद्धा प्यायली नाही. असं काय जगावेगळं बोललो मी? रीतीचं बोललो. भाऊ भावाला बोलवायला येतो, ही रीत आहे.

सत्यशीला आत जाऊन रडली. मग बाहेर येऊन म्हणाली, "तुमाला काळीज न्हाई हे मला आज कळलं." आता ताट वाढते आणि निघून जाते.

११ एप्रिल

तीन दिवसांनी सत्यशीला बोलली, तीही भांडायलाच.

"घरापासून मारुती किती लांब हाय धावड्यात? बॅटरी बाहेरून भरून घ्या अन् जा. तेवढ्याला दिवा लागतो का?"

खरं आहे तिचं. भरलेल्या बॅटरीवर गाडी मारुतीपर्यंत जाऊन चार वेळा परत येईल. हे मला ३ मार्चलाही माहीत होतं.

मी म्हणालो, "अर्धवट गाडी मी रस्त्यावर काढत न्हाई."

"गाडी अर्धवट न्हाई," ती म्हणाली आणि भांडी घेऊन बसली. बायकांना मशीनमधलं कळत नाही.

१७ एप्रिल

प्रेम आला. बाबांची उंची घेतली आहे पोराने. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून फळीवर ठेवलं.

"काळ्या गाडीचा रोटर हाय, मोठे बाबा. पप्पांनी दिलाय."

मी हात लावला नाही. "काय म्हणाला?"

"म्हनले, दादाला दे. अन् परण्याला तुमीच चालवायची म्हनले." मग म्हणाला, "म्हंजे मला तसं समजलं."

"समजलं म्हंजे? नीट बोलला न्हाई का?"

पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. डोळ्यांत राग होता. त्याच्या वयात मी थोरल्यांकडे असं बघितलं असतं तर बाबांनी पान्याने हाणला असता.

मी म्हणालो, "हे बघ, गाडी तयार राहील. पन ज्याला न्यायची हाय त्यानं यावं. बापाला पाठव तुझ्या. त्यानं दारात येऊन 'दादा, चल' म्हणलं की मी निघालो. एक शब्द जास्त बोलनार न्हाई."

प्रेम म्हणाला, "त्यांनी कसं यायचं?"

"का? लई मोठा झाला का?"

"बरं," तो म्हणाला. चहा टाकत होती सत्यशीला, त्याच्यासाठीही थांबला नाही. बापाचा ताठा पोरात उतरलाय.

१९ एप्रिल

दोन दिवस फडक्याकडे बघत काढले. आज सोडलं.

रोटर लोखंडाच्या कड्यात बसवलेला. मोटारीच्या पाइपाचा तुकडा घेऊन, लेथवर आतून कातरून, बरोबर याच्या मापाचा केलेला. जुन्या रोटरचं चुंबक उघड्यावर पडलं की उतरत जातं, त्याच्या भोवती लोखंड हवं. हे बाबांनी दोघांनाही शिकवलं होतं. मी कधी केलं नाही, म्हटलं कोण एवढा व्याप करतो. याने केलाय. मला दाखवायला केला असणार.

कड्यावर खिळ्याने एक बाण ओढलाय आणि 'वर' असं कोरलंय. अक्षर बघवत नाही. पहिलीतलं पोर बरं काढेल. एके काळी हाच टाक्यांवर नंबर रंगवायचा, लोक लांबून यायचे त्याच्याकडे. दारू माणसाच्या हाताचं काय करते ते या दोन अक्षरांत दिसतं. ते बघून मला वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

बसवला. एसटीचं तिकीट घातलं. अडत अडत, सगळीकडून सारखं फिरलं. किक मारली. काटा मध्यावर आला आणि हळूहळू अधिक बाजूला झुकला. भर उन्हात दिवा पांढरा लागला. मी इंजिन बंदच करेना. सत्यशीला बाहेर येऊन पदराला हात पुसत ऐकत उभी राहिली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एका जागी उभे होतो.

"आता जा," ती म्हणाली.

"तो येईल," मी म्हणालो.

२९ एप्रिल

गाडी पुसली. टाकीवर मेण लावलं. पांढरा सदरा इस्त्री करून आणला, टोपी काढून ठेवली. फेटा तिथे बांधतीलच.

सत्यशीला हळदीला पुढे गेली, एसटीने. जाताना म्हणाली, "शेवटचं ईचारते. येता का?"

म्हणालो, "त्याला सांग, सकाळी मी तयार बसलेलो असेन."

३० एप्रिल

सकाळपासून सदरा घालून बसलो होतो. गाडी तीनदा चालू केली, इंजिन गरम राहावं म्हणून. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की उठायचो. दुपारी मुहूर्त टळला. सदरा काढून ठेवला.

कुणी आलं नाही.

१ मे

सत्यशीला परतली. पिशवीतून लग्नातले लाडू काढून माझ्यापुढे ठेवले. मी विचारलं नव्हतं तरी सांगायला लागली. आवाज चढवला नाही, त्यानेच मी ऐकत राहिलो.

प्रेम परण्याला पायी गेला. काहींनी घोडा आणतो म्हटलं, तो नाही म्हणाला. काहींनी कार काढली, तीही नाही. भारतला चाकाच्या खुर्चीत बसवून दारात आणलं होतं. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तो मान उचलायचा. वऱ्हाडातल्या पोरांच्या गाड्या येत होत्या, दर वेळी मान वर. देवळाकडे निघायला उशीर त्याच्यामुळेच झाला. तो खुर्ची हलू देईना.

मी म्हणालो, "चाकाची खुर्ची कशाला?"

सत्यशीलाने लाडवाचा कागद घडी करता करता हात थांबवला. "कशाला म्हंजे?"

"पडला-बिडला का पिऊन?"

"अहो, दिवाळीच्या पुढं लकवा मारला त्यांना. उजवी बाजू सगळी गेली, वाचा गेली. एक 'दादा' तेवढा येतो तोंडातून. सगळ्या गावाला ठावं हाय." ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुमाला खरंच माहीत नव्हतं?"

"मला कुनी सांगितलं?"

"सांगू कुनाला देत होता तुमी?"

कल्याणला माहीत होतं. त्याला वाटलं मलाही माहीत आहे. दैवशालाला, प्रेमला, सगळ्यांना तेच वाटलं. सगळं माहीत असून मी भावाला बघायला गेलो नाही, फोनवर त्याला 'उतरली की कर' म्हणालो आणि त्याच्या बायकोला त्याचे पाय विचारले. धावड्यात सगळे मला असाच माणूस समजतात आणि समजणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

लाडू तसेच पडलेत.

२ मे

गाडी घेऊन धावड्याला गेलो. भोकरदनच्या पुढे रस्ता मोकळा होता. गाडी अशी चालली की बाबा मागे बसले असते तर काही बोलले नसते. काटा शेवटपर्यंत हलला नाही. मी मात्र दोनदा गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. गाडीला काहीही झालं नव्हतं.

मांडवाचे बांबू काढणं चालू होतं. दैवशाला अंगणात होती. तिने आधी गाडी बघितली, मग मला.

"परवा पाहिजे होती, भाऊजी," ती म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

भारत ओसरीत खाटेवर होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान उचललेली, ती तशीच होती. मी खाटेशी बसलो. काय बोलायचं ते बदनापूरपासून जुळवत आलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्याचा उजवा हात उचलून हातात घेतला. उशीसारखा हलका लागला. तो म्हणाला, "दा... दा..." पाडव्याला म्हणाला होता तसंच, त्याच आवाजात. मी मोठ्याने रडलो. मांडववाले बघत होते, बघू दे.

मी म्हणालो, "गाडी आनलीय भारत. इथंच ठेवतो आता. तुझा रोटर एक नंबर हाय, काटा हलला न्हाई."

तो हसला, तोंडाच्या एका बाजूने. जालन्याच्या चौकात तो हसलाच होता. मला बघून आनंद झाला होता त्याला.

मग डावा हात वर करून तो माझ्या मागे काहीतरी दाखवायला लागला. मला कळेना. प्रेम नवी सून आत सोडून बाहेर आला होता. माझ्याकडे न बघता त्याने कोपऱ्यातल्या फळीवरचं पोतं बाजूला केलं.

वाटणीतले सगळे रोटर तिथे ओळीने ठेवले होते. प्रत्येकाला मापाचं लोखंडी कडं, प्रत्येक कड्यावर रंगाने गाडीचं नाव आणि साल, भारतच्या जुन्या सुंदर अक्षरात. एकावरही गंज नव्हता. प्रेमने दोन कड्यांतून काढून जवळ आणले तर ते टक्कन एकमेकांना चिकटले, एवढं चुंबक अजून जिवंत होतं.

भारत फळीकडे बोट करायचा, मग माझ्याकडे, मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांजवळ आणायचा प्रयत्न करायचा. एकच हात चालत होता, म्हणून ते जमत नव्हतं. पुन्हा करायचा. पुन्हा.

"पप्पा म्हनतेत," प्रेम म्हणाला, "तुमच्याकडचे स्टेटर घेऊन या. तुमी दोघं मिळून जोड्या लावू म्हनतेत. कवाचे वाट बघून राह्यलेत."

माझ्याकडचं पोतं तर भंगारवाल्याने कधीच नेलं होतं. भारत माझ्या तोंडाकडे बघत होता. मुहूर्ताच्या दिवशी रस्त्याकडे बघत असेल तसाच.

मी म्हणालो, "आणतो."